‘अस्तु’मधली इरा

महोदय,

स्मृतिभ्रंशाचा विषय निघाला की ‘अस्तु’ या मराठी सिनेमाची आठवण निघतेच, आणि कौतुक होतं ते डॉ. मोहन आगाशे आणि अमृता सुभाष यांचं. रास्तच आहे ते. ‘घाशीराम कोतवाल’मध्ये रुबाबात नाना फडणवीस रंगवणारे आगाशे इथे हत्ती दिसला म्हणून लहान पोरासारखे त्याच्यामागे चालू लागतात. त्यांनी साकारलेल्या चक्रपाणी शास्त्रींच्या डोळ्यांतला संस्कृत पंडित मधेच जागा होतो आणि पुन्हा विझतो. माहुताची बायको चन्नम्मा साकारणाऱ्या अमृता सुभाष यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, संवादांसाठी सुमित्रा भावे यांनाही.

मला लिहायचंय ते इरावती हर्षे यांच्या इराबद्दल. वडिलांना गाडीत बसवून ती जरा कामाला उतरते, परत येते तो गाडी रिकामी. पुढे सिनेमाभर ती त्यांना शोधते. चेहऱ्यावर भीती आहेच, पण तिच्याआड थकवा आहे, चीड आहे, आणि चीड आल्याची लाजही. रडून प्रेक्षकांना रडवणं त्यामानाने सोपं असावं. हे अवघड.

चन्नम्मा शास्त्रीबुवांची सहज आई होऊ शकते, कारण तिने आधीचे शास्त्री पाहिलेलेच नाहीत. तिच्या दारात एक भुकेलं म्हातारं माणूस आलंय, एवढंच. इराचं तसं नाही. तिचे बाबा समोर असूनही गेलेले आहेत, आणि त्यांचं जेवणखाण, औषधपाणी तर करायचंय.

हे मला कळतं, कारण आमच्या सासूबाईंना हाच आजार होता. “माझी आई कुठंय गं?” असं त्या दिवसातून दहादा विचारायच्या. “अहो, त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली,” असं मी खरं ते सांगायचे, आणि त्या दर वेळी नव्याने रडायच्या. बाहेरून येणारी मंडळी “किती हो गोड बोलतात!” म्हणत चहा पिऊन जायची. (तासाभराने गोडवा सरायचा, तेव्हा ती घरी पोचलेली असायची.)

२०१६ साली थिएटरात हा सिनेमा पाहिला तेव्हा सासूबाई होत्या. त्या रात्री आईचं विचारल्यावर मी म्हटलं, “येतील हं संध्याकाळी.” त्या “बरं” म्हणाल्या आणि जेवायला बसल्या.

– एक वाचक, सातारा