मे महिन्यात बालगृहातच राहणाऱ्या मुलांसाठी

शाळांचे निकाल लागले की बालगृहात कुणाचा मामा येतो, कुणाची आत्या. बालकल्याण समितीचा आदेश दाखवून, रजिस्टरवर सही करून ही माणसं मूल सुट्टीपुरतं घरी नेतात. ज्यांना न्यायला कुणीच नाही अशी ४० मुलं मागे उरतात. त्यांच्यासाठी मे महिन्यात १२ दिवसांचं शिबिर आहे.

कार्यकर्ते धरून रोज ४८ पानं. तांदूळ ९० किलो, कणीक ९० किलो, तूरडाळ ३० किलो, तेलाचा १५ किलोचा डबा, लाडवांसाठी शेंगदाणे २० किलो आणि गूळ १२ किलो लागेल. आंबे विचारून पाठवा. सगळ्या पेट्या एकाच रविवारी येतात आणि बुधवारपर्यंत निम्मे आंबे डागाळतात. कच्चे द्या, अढी आम्ही घालू. चपलांच्या नंबरांची यादी मागून घ्या. अंदाजाने आणलेल्या चपला कोपऱ्यातच पडून राहतात. जुने कपडे नकोत.

मुलांसोबत केक कापतानाचे फोटोही नकोत. मुलाची ओळख उघड करणं हा बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटसही त्यातून सुटत नाही.

पोहायला शिकवणारे दोघे हवेत, एकाकडे एका वेळी पाचच मुलं. येणाऱ्याने बाराही दिवस यावं. दोन दिवसांच्या ताई-दादांना मुलं जीव लावतात आणि तिसऱ्या दिवशी फाटकाशी बसून राहतात. पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीला वेळ लागतो, तेव्हा अर्ज आत्ताच करा.

खरी निकड आहे ती प्रतिपालक कुटुंबांची, म्हणजे दत्तक न घेता मूल आपल्या घरी सांभाळणाऱ्यांची (फॉस्टर केअर). सहा वर्षांवरच्या मुलांना दत्तक पालक क्वचितच मिळतात. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकटी व्यक्तीही अर्ज करू शकते. एकट्या पुरुषाकडे मात्र मुलगाच दिला जातो. अर्ज केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या (कारा) पोर्टलवर ऑनलाइन करायचा, पुढचं काम जिल्हा बाल संरक्षण कक्ष पाहतो. घराची पाहणी होते, बालकल्याण समिती आदेश देते, मगच मूल घरी येतं. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत महिना ४,००० रुपयांची तरतूद आहे, पण त्या भरवशावर मूल नेऊ नका.

पहिले काही आठवडे मूल फार शहाण्यासारखं वागतं. पाणी प्यायलाही विचारतं. अंथरूण झटकताना उशीखाली घडी घातलेली वाळकी पोळी सापडते. त्यावरून रागावू नका, रात्री हाताशी लागेल असा एक डबा ठेवा. मग आदळआपट सुरू होते. ही माणसं आपल्याला परत पाठवतात का, हे ते तपासत असतं. नेमकी तेव्हाच बरीच कुटुंबं हात टेकतात. म्हणून अर्ज करण्याआधी शिबिरात रोज संध्याकाळी पानं वाढायला या. कशासाठी आलात ते मुलांना सांगू नका, आम्हीही सांगणार नाही.

धान्य २५ एप्रिलपर्यंत कोठीत पोहोचवा. भाजी आणि दुधासाठी पैसे चेकने किंवा बँकेतूनच द्या. पावती लगेच मिळेल.

— बालगृह मदत समिती