रिक्त जागांचे खापर महाविद्यालयांवर का?

महोदय,

‘नॅक’ म्हणजे महाविद्यालयांचा दर्जा तपासून त्यांना श्रेणी देणारी राष्ट्रीय संस्था. तिचे मूल्यांकन करून न घेणाऱ्या महाविद्यालयांचे प्रवेश रोखा, संलग्नता काढा, अशा मागण्यांच्या बातम्या आपल्या अंकात अधूनमधून येतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील एका शिक्षणसंस्थेच्या लाच प्रकरणात सीबीआयने ‘नॅक’च्या तपासणी समितीच्या अध्यक्षासह सदस्यांना अटक केली, तेव्हा तर प्राध्यापकांच्या कट्ट्यावर दुसरा विषय नव्हता. लाच घेणाऱ्यांना शिक्षा व्हायलाच हवी. पण ज्या महाविद्यालयांनी समितीला चहापलीकडे काही दिले नाही, त्यांची श्रेणी प्राध्यापकांच्या रिक्त पदांमुळे कशी घसरते, यावर कोणी बोलत नाही. लातूर जिल्ह्यातील एका अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयातून मी कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. आमच्या मूल्यांकनाची तिसरी फेरी २०२३ मध्ये झाली आणि तिचे बहुतेक कागद माझ्या टेबलावरून गेले, म्हणून हे लिहितो.

बाहेरच्यांना समिती आली, रांगोळ्या काढल्या, लेझीम झाले, समिती गेली, एवढेच दिसते. खरे तर समिती दारात उतरते तोवर निम्म्याहून जास्त निकाल लागलेला असतो. २०१७ पासूनच्या पद्धतीत सुमारे ७० टक्के भार आकडेवारीवर आहे. आधीच्या मानांकनाची मुदत संपत आली की प्राथमिक माहितीचा अर्ज करायचा. तो मंजूर झाला की पाच वर्षांची माहिती भरून स्वयंमूल्यमापन अहवाल पाठवायचा. मग त्यातल्या आकड्यांची पडताळणी सुरू होते. तिला सगळे ‘डीव्हीव्ही’ म्हणतात. त्यांच्या शंका येतात आणि उत्तराला १५ दिवस मिळतात. त्या पंधरवड्यात आमच्या कार्यालयातला झेरॉक्सवाला आणि सनदी लेखापाल, दोघेही फोन उचलेनासे झाले होते.

पुरावा मागण्यात गैर काही नाही. ग्रंथालयावरचा खर्च दाखवलात तर लेखापालाच्या सही-शिक्क्याचे विवरण द्या, हे योग्यच आहे. काही पुरावे मात्र गंमतीचे असतात. जुन्या वृक्षारोपणाच्या फोटोंवर जिओटॅग, म्हणजे ठिकाणाची डिजिटल नोंद, नव्हती, त्यामुळे ते ग्राह्य धरले गेले नाहीत. झाडे मैदानाच्या कडेला उभी आहेत, त्यांच्या सावलीत विद्यार्थी डबे खातात.

विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचेही असेच. त्याची लिंक थेट विद्यार्थ्यांच्या ईमेलवर जाते. किमान १० टक्के किंवा १०० विद्यार्थी, यांतली जी संख्या कमी असेल तेवढ्यांनी उत्तर द्यावे लागते. कल्पना चांगली आहे, मध्ये महाविद्यालयाचा हात नाही. पण आमच्याकडच्या बऱ्याच मुलामुलींचा ईमेल शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना मल्टिसर्व्हिसेसवाल्याने काढून दिलेला असतो. पासवर्ड त्याच्याच वहीत. आम्ही त्या दुकानदाराला वहीसकट महाविद्यालयात बोलावून घेतले आणि मुले रांग लावून आपापले पासवर्ड टिपून घेऊ लागली!

हे सगळे निभावते. निभावत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. संलग्न महाविद्यालयांसाठी एकूण १,००० गुणांपैकी ३५० गुण अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापन या निकषाला आहेत. त्यात पूर्णवेळ शिक्षकामागे विद्यार्थी किती, मंजूर पदांपैकी किती पदांवर पूर्णवेळ शिक्षक आहेत, त्यांपैकी नेट, सेट या पात्रता परीक्षा उत्तीर्ण किंवा पीएच.डी. किती, हे विचारले जाते. आमच्या इंग्रजी विभागात मंजूर पदे तीन, नियमित प्राध्यापक एक. भूगोलात दोन पदे, दोन्ही रिकामी. हे आकडे आम्ही खरे भरले आणि गुण जायचे तेवढे गेले.

पदे रिकामी का राहिली, हे लिहायला त्या तक्त्यात रकाना नाही. अनुदानित पद संस्थेला मनात आले म्हणून भरता येत नाही. कार्यभार तपासून घ्या, बिंदुनामावली (कोणते पद कोणत्या आरक्षणाचे, याची यादी) तपासून घ्या, ना हरकत प्रमाणपत्र मिळवा, मग जाहिरात. राज्यात २०१७ मध्ये पदभरती थांबली. २०१८ मध्ये सहायक प्राध्यापकांच्या ३,५८० पदांना मंजुरी मिळाली. ती भरती अर्धवट असताना करोना आला आणि उरलेल्या २,०८८ पदांची परवानगी थेट २०२१ च्या नोव्हेंबरात आली. निवृत्त होणारे या काळात थांबले नव्हते. म्हणजे परवानगी शासन देणार, पगारही शासनच देणार, आणि पद रिकामे राहिले की श्रेणी महाविद्यालयाची उतरणार.

मग भूगोल शिकवतो कोण? तासिका तत्त्वावरचे, म्हणजे ‘सीएचबी’चे प्राध्यापक. ‘नॅक’च्या व्याख्येत पूर्णवेळ शिक्षक म्हणजे वर्षभर किमान ९० टक्के कार्यभार सांभाळणारा. सीएचबीवाल्यांच्या तासिकांना मर्यादा असल्याने ते त्यात बसत नाहीत. आमच्याकडच्या अशाच एका सरांकडे सेट आणि पीएच.डी. दोन्ही आहे. तक्त्यात त्यांची पात्रता शून्य धरली जाते. गंमत म्हणजे आमच्या अहवालाचा तिसरा आणि पाचवा निकष त्यांनीच तयार केला. संगणकावर हात बसलेला, शिवाय नाही म्हणायची सोय नाही, कारण पुढच्या वर्षीची नेमणूक त्याच प्राचार्यांच्या सहीने व्हायची. मानधन तासिकेचे मिळते, फाइलीचे नाही. रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत ते कार्यालयात बसायचे. समितीशी शिक्षकांची भेट ठरली तेव्हा नियमित प्राध्यापक पुढच्या ओळीत बसले आणि हे सर बाहेर प्रोजेक्टरची वायर धरून उभे होते. ते मला आजही बोचते.

संस्थाचालक धुतल्या तांदळासारखे आहेत, असे माझे म्हणणे नाही. परवानगी हातात असूनही मुलाखती लांबवणारे आणि त्या का लांबवतात हे सगळ्या जिल्ह्याला माहीत असणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचे गुण खुशाल कापा. पण मुद्दाम लांबवणारे आणि शासनामुळे अडकलेले, या दोघांतला फरक कळण्यासाठी चारच तारखा पुरेत. पद रिक्त कधी झाले, परवानगी कधी मागितली, ती कधी मिळाली, जाहिरात कधी दिली. या तारखांचे कागद प्रत्येक अनुदानित महाविद्यालयाच्या कार्यालयात असतात. वृक्षारोपणाचा जिओटॅग तपासायला माणूस आहे, तर या तारखा तपासायलाही मिळेल. आणि विलंब शासनाकडून झालेला असेल, तर ते पद मंजूर पदांच्या हिशेबातून वगळावे.

आता श्रेणी जाऊन ‘अधिस्वीकृत’ आणि ‘अधिस्वीकृत नाही’ एवढेच राहणार, असे २०२४ पासून ऐकतो आहोत. ‘इस्रो’चे माजी अध्यक्ष डॉ. के. राधाकृष्णन यांच्या समितीची ती शिफारस आहे. त्यात ए, बी आणि प्लसच्या जाहिराती थांबतील, हे बरेच झाले. पण रिकामे पद नव्या तक्त्यात कोणाच्या नावावर मांडणार, ते आधीच ठरवायला हवे. नाहीतर आज बी श्रेणी घेऊन कशीबशी उभी असलेली तालुक्याची महाविद्यालये उद्या ‘नाही’च्या यादीत जातील, आणि गावातल्या ज्या मुलींना घरचे लातूरला पाठवत नाहीत, त्यांचे शिक्षण बारावीला संपेल.

आमच्या मानांकनाची मुदत २०२८ मध्ये संपते. त्याआधी रसायनशास्त्राचे आणि अर्थशास्त्राचे नियमित प्राध्यापक निवृत्त होत आहेत. त्या दोन पदांची बिंदुनामावली आत्ताच तपासायला टाका, असे मी माझ्या जागी आलेल्या अधीक्षकांना सांगितले आहे.

आपला,
एक निवृत्त कार्यालयीन अधीक्षक
(जि. लातूर)