आतड्याची पिशवी तालुक्याला मिळू द्या

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्याच्या पार टोकाच्या गावातून लिहितो आहे. जानेवारीत माझ्या ९ वर्षांच्या भाच्याला सर्दी-खोकला झाला, मग पायांवर जांभळट ठिपके उठले. बोटानं दाबले तरी फिके होईनात. पऱ्हाटीत काही चावलं असंल, असं सगळे म्हणाले. पोट दुखायला लागल्यावर तालुक्याला नेलं. सोनोग्राफीची मशीन कापडाखाली झाकलेली. ती करणारे रेडिओलॉजिस्ट डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतात. गोळ्या घेऊन परत आलो. दुसऱ्या दिवशी संडासातून रक्त पडलं.

नागपूरला कळलं की हा रक्तवाहिन्यांच्या सुजेचा आजार आहे, आयजीए व्हॅस्क्युलायटिस. बहुतेक मुलं ऑपरेशनशिवाय बरी होतात. पण सुजलेल्या बारीक वाहिन्यांतून आतड्याच्या भिंतीत रक्त उतरतं, भिंत जाड होते, कधी तो भाग पुढच्या आतड्यात शिरतो आणि त्याचा रक्तपुरवठाच तुटतो. भाच्याच्या लहान आतड्याचा एक भाग काळा पडला होता. तेवढा कापून काढला. लगेच जोडण्यासारखी तब्येत नव्हती, म्हणून आतड्याचं टोक पोटावर काढून मळ जमा व्हायला पिशवी लावली. त्या सर्जननी पोरगं वाचवलं.

खरे हाल घरी आल्यावर सुरू झाले. लहान आतड्यातला पातळ मळ कातडीला लागला की आग होते. उन्हाळ्यात घामानं पिशवी सुटायची. ताई रात्री टॉर्च लावून ती जागा पुसायची आणि पोरगा दातांत टॉवेल धरून बसायचा. तालुक्यातल्या एकाही मेडिकलमध्ये ती पिशवी नाही. नागपूरला गेलं की दिवसाची मजुरी बुडते. एकदा पिशव्या संपल्या तेव्हा ताईनं दुधाची पिशवी धुऊन चिकटपट्टीनं लावली. सगळी कातडी सोलली.

साहेब, रेडिओलॉजिस्ट सगळीकडे मिळत नाहीत, हे आम्हाला कळतं. पण पिशवी लावलेल्या रुग्णाचं नाव मोठ्या दवाखान्यानं तालुक्याला कळवावं आणि पिशव्या, मलम ग्रामीण रुग्णालयात ठेवावं, याला नवी इमारत लागत नाही. या आजारात किडनीलाही धोका असतो, काही महिने लघवी तपासावी लागते. तेवढं उपकेंद्रातल्या सिस्टर करू शकतात. आणि पायावर असे ठिपके असलेलं, पोट दुखणारं लेकरू सोनोग्राफीशिवाय घरी पाठवू नका. मशीन बंद असेल तर त्याच दिवशी १०८ नं पुढे पाठवा, असा आदेश काढा.

आतडं जोडायचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. घरात आता ३ पिशव्या उरल्या आहेत.

आपला,
एका लेकराचा मामा