मिठाचा 'रेणू' नसतो हो!

संपादक महोदय,

माझी भाची इथे इंदूरलाच दहावीला आहे, तिच्या कोचिंगच्या नोट्समध्ये लिहिलंय की सोडियमला एक इलेक्ट्रॉन "नकोसा" असतो म्हणून तो खुशीने क्लोरीनला देऊन टाकतो आणि मग मिठाचा रेणू बनतो. अहो खुशीने कुठला देतोय! सोडियमचे इलेक्ट्रॉन आतल्या कक्षेपासून बाहेर २, ८, १ असे, तो शेवटचा एक काढायलासुद्धा मोलमागे (मोल म्हणजे अणू मोजायचं एक ठरलेलं मोठं माप) ४९६ किलोज्यूल ऊर्जा मोजावी लागते, आणि क्लोरीन तो घेताना परत देतो फक्त ३४९ च्या आसपास, म्हणजे सौदा सरळ घाट्याचा. मग मीठ बनतंच कसं, हे पोरांना कोणी सांगतच नाही. खरी गंमत पुढे आहे, प्लस सोडियम आणि मायनस क्लोराइड आयन (म्हणजे इलेक्ट्रॉन गमावून किंवा घेऊन विद्युतभारित झालेले अणू) एकमेकांना खेचून जाळी रचतात तेव्हा मोलमागे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात, तिथे सगळा घाटा भरून निघतो.

आणि त्या जाळीत एक सोडियम-एक क्लोरीन अशी जोडीबिडी, म्हणजे वेगळा असा रेणू, काही नसतो. एका सोडियमभोवती सहा क्लोराइड, एका क्लोराइडभोवती सहा सोडियम, असं सगळीकडे. घरचं बारीक मीठ भिंगाखाली बघा, बहुतेक दाणे चौकोनी डब्यांसारखे दिसतील (पोह्यांवरचं जीरावन नको, त्यात बाकी मसालाच जास्त!).

तुमच्या मुलांच्या पानावर या जाळीचं एक मोठं चित्र छापा ना, रंगीत असेल तर फारच छान.

एक वाचक, इंदूर