रिपोर्ट आला, इंजेक्शन तेच!
आईला लघवीच्या संसर्गासाठी रुग्णालयात दाखल केले होते. तिसऱ्या दिवशी कल्चरचा, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून त्यांच्यावर कोणते औषध चालते ते पाहणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट आला. चालू असलेल्या अँटिबायोटिकपुढे ‘आर’, म्हणजे जंतू त्याला दाद देत नाही. तरी आणखी दोन दिवस तळमजल्यावरच्या औषधालयातून तेच इंजेक्शन वर येत राहिले. प्रयोगशाळेचा संगणक वेगळा, औषधालयाचा वेगळा! या नोंदी जोडल्या, तर असा रिपोर्ट येताच डॉक्टरांना सूचना जाईल. आपल्या रुग्णालयात कोणत्या जंतूवर कोणते औषध लागू पडते, याचा तक्ताही दरवर्षी निघेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे (आयसीएमआर) प्रयोगशाळांचे जाळे २०१३ पासून जंतूंच्या औषध-प्रतिकाराची नोंद ठेवते आहे. आरोग्य विभागाने निदान जिल्हा रुग्णालयांत तरी दोन्ही नोंदी एकत्र आणाव्यात.
– एक वाचक, सातारा