नवं यार्ड तळ्याच्या काठी नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी गोल्फच्या मैदानावर मेकॅनिक आहे. गवत कापायच्या यंत्रांची दुरुस्ती, रिळांना धार आणि उजाडायच्या आत सगळी यंत्रं मैदानात रवाना करणं हे माझं काम. आमच्या मैदानासाठी नवं मेंटेनन्स यार्ड, म्हणजे यंत्रं, औषधं आणि इंधन ठेवायचं आणि दुरुस्तीचं आवार, बांधायचं ठरलं, याचा मला मनापासून आनंद आहे. जुन्या शेडमध्ये स्प्रेअर (औषध फवारायची यंत्रं) आणि ट्रॅक्टर एकमेकांना खेटून उभे असतात, मागचं यंत्र काढायचं तर आधी पुढची सगळी हलवावी लागतात, आणि पावसात निम्मी यंत्रं उघड्यावर भिजतात. नवी जागा हवीच होती. पण नकाशा पाहिल्यापासून मला स्वस्थता नाही. हे यार्ड मैदानाच्या सर्वांत सखल कोपऱ्यात, तळ्याच्या काठाला दाखवलं आहे. कारण विचारलं तर उत्तर मिळालं की तिथे ते खेळणाऱ्यांच्या नजरेला पडणार नाही. बांधकाम सुरू व्हायच्या आत ही जागा बदलावी, यासाठी हे पत्र.

यार्डात नेमकं काय चालतं हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं, म्हणून आधी ते सांगतो. खेळाडू ज्या हिरवळीवर चेंडू अलगद ढकलतात, त्या ग्रीनचं गवत साधारण ३ मिलिमीटर उंचीवर कापलेलं असतं. ते रील मोवरने कापतात. पात्यांचं रीळ फिरतं, खाली बेडनाइफ नावाची पट्टी स्थिर असते, आणि कात्रीत सापडावं तसं गवत दोघांच्या मध्ये कापलं जातं. इंग्लंडमध्ये एडविन बडिंग यांनी १८३० मध्ये अशा यंत्राचं पेटंट घेतलं. मूळ तत्त्व आजही तेच आहे. धार बरोबर आहे का, हे मी कागदाच्या पट्टीने पाहतो. रीळ हाताने फिरवायचं आणि पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठिकठिकाणी धरायची. सगळीकडे ती स्वच्छ कापली गेली तर यंत्र मैदानात जातं. एखाद्या ठिकाणी कागद नुसता दुमडला, तर त्या जागी गवतही कापलं न जाता फाटणार. फाटलेल्या पात्याचं टोक वाळतं, ग्रीनवर पांढुरकी झाक येते, रोगाला वाट मिळते, आणि मग औषध फवारावं लागतं. म्हणजे धारेच्या टेबलावर झालेली हयगय शेवटी फवारणीच्या टाकीपर्यंत पोचते. म्हणूनच धार लावायच्या मशीनला स्वतंत्र खोली, सपाट फरशी, भरपूर उजेड आणि लोखंडाची धूळ ओढून घेणारा पंखा हवा असं मी म्हणतो. नव्या नकाशात ही मशीन इंधनाच्या टाकीकडच्या भिंतीला दाखवली आहे. धार लावताना ठिणग्या उडतात. ती तिथून हलवायलाच हवी.

आता मुख्य मुद्दा, धुण्याचा. कापून आलेलं प्रत्येक यंत्र धुवावं लागतं, रोज. त्या पाण्यात गवताची कातर जाते, ग्रीस जातं, तेलाचे थेंब जातात, आणि नुकतीच फवारणी किंवा खत झालेलं असेल तर त्याचा अंशही जातो. कातर म्हणजे काय, गवतच तर आहे, असं अनेकांना वाटतं. पण वाळलेल्या कातरीत साधारण ३ ते ५ टक्के नत्र असतं, शिवाय स्फुरद असतं. रोजच्या रोज हे तळ्यात उतरू लागलं की शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. त्याच तळ्यातलं पाणी आम्ही पंपाने उचलून मैदानाला देतो, तेव्हा गाळण्या आणि स्प्रिंकलरचे नोझल तुंबतात. जुन्या शेडचं धुण्याचं पाणी उताराने कुठे जातं हे आम्हा कामगारांना माहीत आहे. नव्या जागेत तर त्याला उतारही शोधावा लागणार नाही, तळं पावलावरच आहे.

याला उपाय आहे आणि तो फार अवघडही नाही. यंत्र आधी हवेच्या दाबाने झाडून घ्यायचं, म्हणजे बरीचशी कातर कोरडीच पडते आणि खताच्या ढिगात टाकता येते. मगच पाणी मारायचं. धुण्याची जागा पक्क्या काँक्रीटची, चारी बाजूंनी कडा उचललेली आणि मधल्या चेंबरकडे उतार असलेली हवी. चेंबरमध्ये कातर अडवणारी जाळी, पुढे तेल वेगळं करणारी टाकी, आणि जमत असेल तर तेच पाणी गाळून पुन्हा धुण्यासाठी वापरणारी यंत्रणा. या सगळ्यावर छप्पर असलंच पाहिजे, यावर मी अडून बसणार आहे, कारण नकाशात ते नाही आणि खर्च कमी करायची वेळ आली की पहिली कात्री त्यालाच लागते. हिशेब साधा आहे. १०० चौरस मीटरचा ओटा उघडा ठेवला आणि ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५,००० लिटर पाणी त्या चेंबरमध्ये उतरतं. एवढं पाणी कोणतीही लहान टाकी पेलत नाही. ती भरून वाहते आणि आत साठवलेलं तेल, गाळ सगळं बाहेर घेऊन जाते. खाली तळं असेल तर तळ्यात.

औषधांच्या खोलीबद्दल मला अधिक काळजी वाटते, कारण तिथे माझे सोबती रोज उभे असतात. नकाशात एक चौकोन काढून 'केमिकल स्टोअर' असं लिहिलं आहे, बस. त्या चौकोनात काय काय हवं ते लिहायला हवं होतं. उंबरठा उंच आणि फरशी न शोषणारी, म्हणजे डबा फुटला तरी औषध आतच राहील. बाहेर जाणारं गटार अजिबात नाही. पंख्याचं बटण दाराबाहेर, म्हणजे आत पाऊल टाकण्याआधी हवा खेळलेली असेल. पावडरची पाकिटं वरच्या फळीवर आणि द्रव औषधं खाली, म्हणजे गळती पावडरवर होणार नाही. हातमोजे, मास्क, गमबूट या खोलीत ठेवायचे नाहीत, त्यांना वेगळं कपाट. औषध पाण्यात मिसळायची जागा लगतच, छपराखाली, काँक्रीटवर. टाकी भरायची नळी पाण्यात बुडवून ठेवायची नाही. नळीचं तोंड आणि टाकीची कड यांत नळीच्या व्यासाच्या किमान दुप्पट अंतर राखायचं. नाहीतर पाण्याचा दाब अचानक पडला की टाकीतलं औषध उलट्या दिशेने पिण्याच्या पाण्याच्या पाइपात ओढलं जातं. नळ कुठे आणि किती उंचीवर बसवायचा, हे बांधकामाच्या वेळी ठरतं. नंतर फक्त पाट्या लावता येतात.

आणि डोळे धुवायचा नळ. अमेरिकेतल्या मानकाप्रमाणे औषध उडालेल्या माणसाला तिथे १० सेकंदांत पोचता आलं पाहिजे आणि सलग १५ मिनिटं पाणी मिळालं पाहिजे. आमच्या नकाशात तो ऑफिसच्या बाजूला, दोन दारं ओलांडून आहे. डोळ्यांत औषध गेलेला माणूस चाचपडत दोन दारं कशी उघडेल? नकाशा काढणाऱ्यांना दोष देत नाही. त्यांनी कधी स्प्रेअर भरला नसेल. पण जे भरतात ते याच आवारात आहेत, आणि त्यांना कोणी विचारलेलं नाही.

इंधनाचं थोडक्यात सांगतो. टाकी जमिनीवर, दुहेरी भिंतीची. नाहीतर भोवती असा बंद कठडा की त्यात टाकीच्या क्षमतेच्या ११० टक्के मावेल. वर छप्पर.

बॅटरीवरच्या यंत्रांचा मात्र नकाशात उल्लेखच नाही, आणि येत्या काळात तीच वाढणार आहेत. पहाटे आवाज कमी होतो, ग्रीनवर तेल गळून गवत जळायचा धोका उरत नाही, मला स्वतःला ती आवडतात. पण शिशाच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की ठिणगीने स्फोट होऊ शकतो, आणि हा वायू हलका असल्याने छताखाली साठतो. म्हणून चार्जिंगच्या खोलीत हवा बाहेर जायची वाट छताजवळ हवी. लिथियमच्या बॅटऱ्यांना हा त्रास नाही, पण त्यांना आगीपासून सुरक्षित वेगळी जागा लागते. कोणतीही घेतली तरी विजेचा भार वाढणारच. आज यंत्रं घ्यायची नसली तरी तारा नेण्याचे रिकामे पाइप फरशीखाली टाकून ठेवा. त्यांचा खर्च आज किरकोळ आहे. उद्या त्यासाठी अख्खी फरशी फोडावी लागेल.

वाळूसाठीही विचार व्हायला हवा. ग्रीनवर वेळोवेळी बारीक वाळूचा पातळ थर पसरतात. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्रूजचं मैदान १८६५ पासून सांभाळणाऱ्या ओल्ड टॉम मॉरिस यांचा ही पद्धत रूढ करण्यात मोठा वाटा होता. यूएसजीए या अमेरिकी संघटनेने १९६० मध्ये ग्रीनच्या बांधणीची जी पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यात मुळांसाठीचा वाळूचा थर ३० सेंटिमीटरचा आहे. वरून पसरायची वाळू त्या थराशी जुळणारी, स्वच्छ आणि कोरडी लागते. भिजलेली वाळू यंत्रातून गोळ्यांनी पडते. म्हणजे छपराखाली भिंतींचे कप्पे हवेत, आणि तिथवर भरलेला ट्रक येऊन वळला पाहिजे. सखल कोपऱ्यात यार्ड गेलं तर प्रत्येक ट्रक दोन फेअरवे, म्हणजे ग्रीनपर्यंत जाणारे कापलेल्या गवताचे लांब पट्टे, ओलांडून जाणार. पावसाने जमीन मऊ झाली असेल तेव्हा काय होईल, हे सांगायला मेकॅनिक लागत नाही.

मग जागा कुठली? सरावाच्या पट्ट्यामागे, पुरवठ्याच्या रस्त्याला लागून जो उंचवटा आहे, तो मी सुचवतो. तळ्यापासून लांब, पाणी साचत नाही, रस्ता तयार आहे, आणि मैदानाच्या मध्याला जवळ. जवळ असण्याला महत्त्व आहे. यंत्र एका दिशेला १ किलोमीटर जादा जाणार असेल तर जाऊन-येऊन २ किलोमीटर होतात. ताशी १० किलोमीटरच्या वेगाने ती १२ मिनिटं. १० यंत्रं धरली तर रोज २ तास माणसं आणि इंधन नुसत्या ये-जा करण्यात जाणार, आणि तेही पहिल्या खेळाडूच्या आधी काम उरकायच्या घाईच्या वेळी. उंचवट्यावर शेड दिसेल ही हरकत रास्त आहे. मातीचा बांध घालून त्यावर झाडं लावली तर दिसणंही कमी होईल आणि आवाजही. शेजारच्या घरांना पहाटेचा त्रास होऊ नये म्हणून दारं मैदानाच्या बाजूला ठेवावीत, आणि यंत्रं एका दाराने आत येऊन दुसऱ्याने बाहेर पडतील अशी रचना करावी. मागे घ्यावीच लागली नाहीत तर तो रिव्हर्सचा टीं-टीं आवाजही होणार नाही. शेजाऱ्यांची झोप मोडून कोणाचंही मैदान चांगलं होऊ नये असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

माणसांसाठीच्या खोल्या नकाशात आहेत, पण शेवटी उरलेल्या जागेत बसवल्यासारख्या. आम्ही अंधारात कामाला येतो, पहिली दोन-तीन तासांची मेहनत दवात भिजून होते. कपडे वाळवायची जागा, अंघोळीची सोय, बसून जेवता येईल अशी औषधांपासून दूरची खोली या गरजा आहेत. मैदानावर बायकाही काम करतात, आणि त्यांच्यासाठी कपडे बदलायची खोली नकाशात नाही. आणखी एक, ज्याविषयी मला सर्वांत जास्त आग्रह धरायचा आहे. फवारणी करणाऱ्यांचे कपडे धुवायला यार्डातच वेगळं वॉशिंग मशीन हवं. आज ते कपडे घरी जातात आणि लहान मुलांच्या कपड्यांबरोबर धुतले जातात. एका मशीनचा हा प्रश्न आहे.

पैसे पुरणार नाहीत असं म्हटलं जातंय. तर दर्शनी भिंतीची सजावट थांबवा, ऑफिस लहान करा, यंत्रांच्या शेडचा एक भाग पुढच्या टप्प्यात घ्या. शेड नंतर वाढवता येते. धुण्याचा ओटा, चेंबर, गटारांचे उतार, औषधांची खोली आणि जमिनीखालचे पाइप मात्र पहिल्याच टप्प्यात पूर्ण करा.

समितीला माझी विनंती आहे. जागा नक्की करण्याआधी त्या उंचवट्यावर चुन्याच्या फक्कीने नकाशा खऱ्या मापात आखा. आमचा सर्वांत रुंद मोवर बाजूचे कापायचे पंख मिटून त्या रेषांमधून चालवून पाहू. वाळूचा भरलेला ट्रक आणू. स्प्रेअर भरायच्या जागेपासून डोळे धुवायच्या नळापर्यंत डोळे मिटून चालून पाहू. फवारणी करणारे, पंप सांभाळणारे आणि ग्रीन कापणाऱ्या बायका त्या दिवशी हजर राहतील, त्यांना कामातून तेवढा वेळ द्यावा. सकाळची कापणी उरकली की आम्ही सगळे मोकळे असतो.

आपला,
गोल्फ मैदानावरील एक मेकॅनिक