मोठी गाडी, लहान गल्ली

मा. संपादक, स.न.वि.वि.

आमच्या घरात सध्या गाडीवरून रोज चर्चा चालू आहे, मुलगा म्हणतो कार्निव्हलसारखी मोठी व्हॅन घेऊ म्हणजे गणपतीला सगळे एकत्र गावाला जाऊ, आणि मी म्हणते आपली अल्टोच बरी. कार्निव्हल ५१५५ मिमी लांब, अल्टो के१० फक्त ३५३०, म्हणजे पाच फुटांहून जास्त फरक, आणि रुंदीला अर्धा मीटर! सदाशिव पेठेतल्या आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना स्कूटर लावलेल्या असतात, अल्टो नेतानासुद्धा आरसा आत घ्यावा लागतो.

मोठ्या गाडीत सात जण आरामात बसतात, सामानही मावतं, हे मान्यच. आमच्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना सरकणारं दार खरंच सोयीचं पडेल. पण वर्षातले बाकीचे दिवस त्या गाडीत एकटा माणूस ऑफिसला जाणार आणि रस्ता मात्र दोघांचा अडवणार. एक्सप्रेस वेवर टोल दोघींना सारखाच, कार म्हणून! जागेप्रमाणे टोल आणि पार्किंगचे दर वेगळे असायला हवेत, महापालिकेने निदान पार्किंगपासून तरी सुरुवात करावी.

– एक वाचक, पुणे